तीन बाटल्या, एकच विहीर

चिंचोले सरांचं तोंड मला चारचौघांत काळं करायचं होतं, आणि नारायणराव पाटलाचं त्याहून जास्त. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी जे केलं ते गावाच्या कळवळ्यानं केलं, असा कुणाचा गैरसमज नको. कळवळा होता, पण तो मागच्या बाकावर बसला होता. पुढं सूड होता.

आमचं मांडवखेळ जळगाव जामोदच्या खाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथं विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. गावात तेव्हा तीन विहिरी होत्या. एक पाटलाच्या मळ्यात. तिला कशी कोण जाणे, गोड्या पाण्याची शीर लागली होती. दुसरी मारुतीच्या देवळामागं, मचूळ पाण्याची. तिसरी आमच्या बौद्ध वस्तीतली. तिच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ शिजत नसे. माझी माय तानाबाई सकाळी डाळ चुलीवर टाकायची आणि दुपारी ती दातांखाली कचकन वाजायची.

माझा बाप दयाराम प्रौढ शिक्षणाच्या वर्गात चाळिशीत अक्षर शिकला आणि त्याला लिहिण्याचं वेडच लागलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यानं विहीर लिहायला घेतली. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला तो गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा, एका हाताला एक गाठ, आणि वहीत नोंद करायचा. अमुक तारीख, पाणी सहा हात. अमुक तारीख, पाणी चार हात. लोक हसायचे. "दयाराम, हिरीचं लगन जमवून राह्यला काय बे?" तो म्हणायचा, "लेहून ठेवतो. कामी पडते कधी."

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, खारं पाणी बंद करा. मग माय रोज सकाळी घागर घेऊन पाटलाच्या मळ्यात जायची. विहिरीपासून दहा हातांवर थांबायचं, घागर पुढं ठेवायची, मागं सरायचं. पाटलाचा सालदार इंद्रभान बादली काढून वरून घागरीत धार सोडायचा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती, पण कायदा अजून मळ्याच्या बांधापर्यंत पोचला नव्हता.

एक दिवस पाटील स्वतः विहिरीवर उभा होता. तो म्हणाला, "तानाबाई, कॉलेजाच्या सायबानं छापून देल्लं ना, तुमच्या हिरीचं पानी गोड हाये म्हनून? मंग इकडं काऊन येता रोज?"

माय रिकामी घागर घेऊन परत आली.

पाटील बनवून सांगत नव्हता. तसा अहवाल खरंच छापलेला होता. त्रेसष्ट साली शहरातल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं या भागातल्या एकेचाळीस गावांचं पाणी तपासलं होतं आणि त्याच्या आकड्यांवरून जिल्हा परिषदेनं नव्या विहिरींची यादी केली होती. मांडवखेळसमोर लिहिलं होतं: विहिरी तीन, तिन्हींचं पाणी पिण्यास योग्य. त्यामुळं आमचं गाव यादीतून गेलं. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत होती आणि पाटलाला त्यातलं तेवढंच पान पाठ होतं.

बाप नवव्या दिवशी गेला. त्या कागदानं त्याला मारला असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं आधीच गेली होती. पण शेवटचे नऊ दिवस तो खारं पाणी प्यायला आणि प्रत्येक घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं. ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. पुढच्या जूनमध्ये त्याच कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मदतनीस म्हणून लागलो. विभागप्रमुख होते प्राध्यापक भगवंतराव चिंचोले. अहवालावर नाव त्यांचंच होतं. नाव वाचूनच मी अर्ज केला होता.

माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. चिंचोले सर शिकवायला चांगले. बाटल्या धुणारा पोऱ्या म्हणून मला बाजूला न ठेवता त्यांनी मला पाणी तपासायला शिकवलं. पाण्यात पिवळा रंग टाकायचा, काचेच्या नळीतून औषध थेंब थेंब सोडायचं, आणि पाणी विटेच्या रंगाचं झालं की थांबायचं. किती औषध गेलं त्यावरून मीठ किती ते कळतं. पाण्याचा जडपणा मोजायची रीत वेगळी. जड पाण्यातच डाळ शिजत नाही. सर म्हणायचे, "भाऊराव, तुझा हात स्थिर आहे." मी मान खाली घालून हसायचो आणि मनात म्हणायचो, थांबा जरा.

दिवाळीच्या सुट्टीत कपाटं साफ करताना त्रेसष्टची नोंदवही हातात आली. मी आधी दुसरी गावं पाहिली. एकाच गावातल्या दोन विहिरी म्हणजे सख्ख्या जावा. एकीचं दुसरीशी कधी जुळत नाही. मीठ कुठं शंभर आणि आठशे, कुठं तीनशे आणि बाराशे. मग मांडवखेळचं पान आलं. विहीर क्रमांक एक, ब्याण्णव. विहीर क्रमांक दोन, चौऱ्याण्णव. विहीर क्रमांक तीन, ब्याण्णव. पाणी घेतल्याची तारीख, आठ मे.

मी ते पान उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. मायनं बापाची वही ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवली होती. त्रेसष्टचा मे काढला. बापाचं वाकडंतिकडं अक्षर: "८ मे. बुद्ध जयंती. हीर कोरडी. गाळ काढला, चवथा दिस. मी खाली."

ज्या दिवशी सरांनी आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, त्या दिवशी आमच्या विहिरीत पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी माझा बाप उभा होता, गुडघाभर गाळात.

मी मायला विचारलं. ती चूल फुंकत म्हणाली, "मले ठाऊक हाये तो दिस. घरात पानी नव्हतं तं मी मळ्यात मांगाले गेली होती. एक सायब पाटलाच्या वट्यावर बसून आमरस खाऊन राह्यले होते. पाटील म्हने, 'उन्हाचं कुठं फिरता सायेब, जमीन एकच हाये, पानी एकच हाये.' मंग इंद्रभाननं तीन बाटल्या भरून देल्ल्या. मले वाटलं, सायबाले लई तहान लागते."

"आन् तू कोनाले बोलली नाही?"

"कोन इचारलं मले?" ती म्हणाली.

पुढचे पाच महिने मी कॉलेजात रोज सरांना नमस्कार केला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. वस्तीच्या अंगठ्यांनिशी अर्ज गेला, त्यावर अर्ज गेला, आणि शेवटी अडुसष्टच्या एप्रिलमध्ये गटविकास अधिकाऱ्यांनी, म्हणजे बीडीओ साहेबांनी, मांडवखेळच्या शाळेत सभा लावली. सर आले. पाटील पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला. मी रजा काढून वस्तीच्या लोकांत सतरंजीवर बसलो. सरांनी मला पाहिलं आणि हसून मान हलवली. त्यांना वाटलं, गाव आपल्या भाऊरावचं, म्हणून आला असेल.

मी उठलो तेव्हा ते हसू अजून तोंडावर होतं.

"सर, तीन नंबरच्या विहिरीचं पाणी तुम्ही स्वतः काढलं?"

"माझ्यासमोर काढलं."

"विहिरीला रहाट आहे की नाही?"

सरांनी पाटलाकडं पाहिलं. मी म्हणालो, "नाही. कधीच नव्हता. तुम्ही ती विहीर पाहिली नाही." मग मी तीन आकडे वाचले, ब्याण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव, आणि बापाच्या वहीतली ओळ वाचली. दोनदा वाचली. बीडीओंनी वही मागून घेतली आणि पानं उलटून पाहिली, सात वर्षांच्या अमावास्या-पौर्णिमा. "हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. "दयारामनं," माय मागून म्हणाली.

सर म्हणाले, "पण आकडे चुकीचे नाहीत. बाटलीतलं पाणी मी नीट तपासलं आहे."

याचीच मी वाट पाहत होतो. "आकडा बाटलीचा खरा आहे सर. बाटलीत पाणी कुठून आलं ते लेबलावर खोटं आहे. मग आकडा कशाचा?"

सरांचं तोंड पांढरं पडलं. पाटील खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला. वस्तीच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. ती दुपार मला आयुष्यात सगळ्यात गोड लागली, खोटं कशाला बोलू. मी इतका खुशीत होतो की बीडीओ पुढं काय म्हणाले तिकडं माझं लक्षच नव्हतं. ते म्हणाले होते, "पाटलांच्या विहिरीचं पाणी गोडं असेल, तर ती शीर नाल्याच्या बाजूनं येत असणार. वस्तीची नवी विहीर तिच्याच रेषेत, शंभर पावलं पुढं घेता येईल. पण आधी पाणी पुन्हा तपासा."

नंतर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी उन्हाला कंटाळलो होतो. ते माझ्याकडून व्हायला नको होतं." बीडीओंनी परत दिलेली वही मी पिशवीत घातली. ते म्हणाले, "या वेळी बाटल्या तूच भर. तिन्ही. लेबलंही तूच लिही. मी हात लावणार नाही, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको."

मे महिन्यात मी तीन बाटल्या घेऊन गावात आलो. पायात बूट, खिशात पेन, सोबत कॉलेजचं पत्र. आधी वस्तीची विहीर केली, मग देवळामागची, शेवटी मळ्यातली. पाटील कठड्याशी उभा होता. मी रहाटाकडं पाऊल टाकलं तसा तो म्हणाला, "तिथंच थांब. बाटली खाली ठेव आन् मांगं सरक. इंद्रभान भरून देते."

कॉलेजचं पत्र दाखवलं. त्यानं ते वाचलं, घडी करून परत दिलं, आणि म्हणाला, "बाटलीचं पत्र हाये. तुयं नाही."

मी बाटली खाली ठेवली. मागं सरलो. दहा हात. इंद्रभाननं वरून धार सोडली आणि माझ्या बुटांवर पाणी उडालं.

बांधावरच्या बाभळीखाली मी भाकरी खायला बसलो. मायनं फडक्यात भाकरी, कांदा आणि कागदाच्या पुडीत मीठ बांधून दिलं होतं. भाकरी खाल्ली. कांदा खाल्ला. मीठ उरलं. पाटलाची मिजास सगळी त्या विहिरीवर होती. येईल त्याला तो तांब्याभर पाणी पाजायचा आणि म्हणायचा, अख्ख्या खारपाणात असं पाणी दाखवा. मी एक नंबरच्या बाटलीचं बूच काढलं आणि दोन मोठ्या चिमटी मीठ आत सोडलं. बाटली हलवली. मीठ विरघळून दिसेनासं झालं. मला त्या वेळी जराही वाईट वाटलं नाही. उलट भाकरी अंगी लागल्यासारखी वाटली.

प्रयोगशाळेत आकडे आले. एक नंबर, तेराशे. दोन नंबर, सहाशे. तीन नंबर, चौदाशे. सरांनी एक नंबरचा जडपणा स्वतः मोजला, पुन्हा मोजला, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि नोंदवहीत लिहिलं. 

जूनच्या शेवटी ग्रामपंचायतीच्या शिपायानं पाटलाच्या विहिरीच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं: पाणी पिण्यास अयोग्य. मांडवखेळ महिनाभर हसलं. एसटीच्या थांब्यावर पाटील दिसला की कुणीतरी विचारायचं, "पाटील, आज सरबतात मीठ जास्त तं नाही झालं?" मी ते ऐकायला मुद्दाम दर रविवारी गावी जायचो.

मग जुलैत बीडीओ कार्यालयाचं पत्र आलं. वस्तीतल्या समाजमंदिरात मीच ते वाचून दाखवलं. "फेरतपासणीत मांडवखेळ शिवारातील तिन्ही विहिरींचे पाणी खारे आढळले. शिवारात गोड्या पाण्याची शीर असल्याचा पुरावा नाही. सबब नवीन विहिरीचा प्रस्ताव रद्द करण्यात येत आहे."

वाचताना माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचलाच नाही. ती ओळ वस्तीतल्या दुसऱ्याच कुणीतरी कागद ओढून घेऊन वाचली.

मी त्याच दिवशी कॉलेज गाठलं. सर प्रयोगशाळेत एकटेच होते. मी पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

"सर, एक नंबरचा आकडा..."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीठ तेराशे. पण जडपणा पाच वर्षांपूर्वी होता तेवढाच. जमिनीतून खारं पाणी आलं असतं तर दोन्ही वाढले असते. नुसतं मीठ वाढतं ते वाण्याच्या दुकानातून आल्यावर. मला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही सही कशी केली?"

सर उठले, कपाट उघडलं आणि एक नंबरची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. अर्धी भरलेली, बुचावर लाखेची मोहर. "आकडा बाटलीचा खरा आहे, भाऊराव. बाटलीत पाणी कुठून आलं, ते लेबलावर लिहिलं आहे. लेबल तुझ्या अक्षरात आहे." ते शांतपणे बोलत होते आणि प्रत्येक शब्द चावून चावून बोलत होते. "सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढलीस. मी ते सोसलं, कारण तू खरं बोललास. मग म्हटलं, आता तुझं खरंही जरा चालू दे. किती लांब जातं ते पाहू."

"पण वस्तीचं पाणी जातंय सर."

"हो," ते म्हणाले. "माझ्या वेळीही वस्तीचंच गेलं होतं."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो असतो. पण कुठल्या तोंडानं? त्यांनी तीन बाटल्या आळसानं भरल्या होत्या. मी एक बाटली जाणूनबुजून नासवली होती. आणि त्या नासक्या बाटलीमागं माझी तीन नंबरची खरी बाटलीही गेली. दोन्हींवर अक्षर एकच होतं.

घरी गेलो तर माय दारातच बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला समजावून सांगायची वेळच आली नाही.

"भाऊराव, पाटलाच्या पान्यात डाळ शिजते. तुह्या बापासाठी मी त्याच पान्याची शिजवली हाये. मंग ते पानी खारं कसं झालं?"

मी पायातले बूट काढू लागलो.

"बाटल्या कोन भरल्या?"

"म्या."

"भाकरीसंगं मीठ देल्लं होतं मी," ती म्हणाली. माझ्याकडं पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "माह्या हातचं मीठ टाकलं तू त्याच्यात?"

मी बोलू लागलो. पाटील काय म्हणाला ते सांगितलं, दहा हात सांगितले, बुटांवरचं पाणी सांगितलं. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं माझ्या पिशवीतून बापाची वही काढून घेतली. सभेपासून ती वही मी जवळच बाळगत होतो, चारचौघांना दाखवायला.

"मलेई राग हाये," ती म्हणाली. "तुह्यापेक्षा जास्त हाये. नऊ दिस त्याच्या तोंडाले पानी मी लावलं, तू नाही. पन या वहीत त्यानं एक आकडा खोटा नाही लेहला. हिरीत पानी नव्हतं तं कोरडी लेहलं. हे वही तुह्या हातात नाही पाह्यजे."

ती वही पुन्हा ट्रंकेत गेली. पुढं मी कधी ती मागितली नाही.

आठवड्यानं मी बीडीओंसमोर लेखी कबुली दिली. सर आले होते, पाटील आला होता, आणि माय माझ्याआधी येऊन बाकावर बसली होती. मी माझा कागद वाचला. पाटील उभाच राहिला. "माह्या बापानं खोदलेली हीर हाये ते! भिंतीवर लाल रंगानं लेहलं, साऱ्या तालुक्यात नाव गेलं माहं! सायेब, याले पोलिसात द्या!"

सर खाली पाहत म्हणाले, "त्रेसष्टचं मीही लिहून देतो. तिन्ही बाटल्या पाटलांच्या विहिरीच्या होत्या. पाटलांनीही त्यावर सही करावी."

पाटलानं मान फिरवली. पण बीडीओ म्हणाले, "सही नसेल तर भिंतीवरचा रंग आहे तसा राहील." पाटलानं सही केली. माझ्या कबुलीवर माझी सही, शेजारी राजीनामाही. कॉलेजची नोकरी अशी जेमतेम वर्षभरात संपली.

बीडीओंनी कपाळ चोळलं. "पाणी पुन्हा घ्यावं लागणार. पण आता भरायचं कुणी? प्राध्यापकांवर वस्तीचा विश्वास नाही. भाऊरावांवर पाटलांचा नाही, आणि माझाही नाही."

तेव्हा माय बाकावरून उठली. "सायेब, मी अडानी बाई. एक सांगू? ज्याची हीर, त्याच्या हातानं पानी नका काढू. आमच्या हिरीतून पाटलाच्या मानसानं काढाव. पाटलाच्या हिरीतून वस्तीच्या मानसानं. बाटलीवर काढनाऱ्याचं नाव लेहा. मंग कोनी कोनावर बोट नाही ठेवनार."

"इंद्रभान काढून देईन," पाटील घाईनं म्हणाला. "यायनं समोर उभं राहून पाहाव."

"नाही पाटील," माय म्हणाली. "समोर उभं राहून म्या त्रेसष्टात बी पाह्यलं होतं. ज्याचं नाव, त्याच्याच हातात दोर."

 मला तेव्हा समजलं, ती काय मागत होती. पाटलालाही समजलं. त्याची कानशिलं लाल झाली. गोडं पाणी सिद्ध करायचं तर विहीर आमच्या हाती द्यायची. नाही द्यायची तर भिंतीवरची लाल अक्षरं जन्मभर पाहायची. असा पेच मला सात जन्मांत सुचला नसता. मला सुचलं ते दोन चिमटी मीठ.

"कोन काढीन?" पाटलानं शेवटी विचारलं.

"मी," माय म्हणाली.

श्रावणातल्या एका सकाळी मळ्यात सगळं गाव जमलं. वस्तीच्या विहिरीतून इंद्रभाननं आधीच बाटली भरली होती. ते पाणी चाखून त्यानं थू करून टाकलं आणि वस्तीच्या बायका खो खो हसल्या. आता पाटलाची विहीर. बीडीओ मला म्हणाले, "भाऊराव, तुम्ही लांब थांबा. बाटलीच्या दहा हात आत यायचं नाही."

मी दहा हात मोजून उभा राहिलो. जागा ओळखीची होती.

माय कठड्यावर चढली. पाटील दोन पावलं मागं सरला. तिनं बादलीला रहाटाचा दोर बांधला नाही. सोबत आणलेला बापाचा गाठीचा दोर बांधला आणि बादली खाली सोडली. गाठी तिच्या बोटांतून एकेक सरकत होत्या आणि ती मोजत होती. बादली पाण्याला टेकली. तिनं ती तळापर्यंत बुडू दिली, पुन्हा मोजलं, मग ओढून घेतली. बाटली पाण्यानं दोनदा विसळली, तिसऱ्यांदा गळ्यापर्यंत भरली, बूच दाबलं. लाखेची मोहर लावली सरांनी, लेबल लिहिलं बीडीओंनी: विहीर क्रमांक एक, काढणारी तानाबाई दयाराम.

बादलीत पाणी उरलं होतं. ती कठड्यावरच बसली आणि ओंजळ भरून प्यायली. सावकाश, तीन ओंजळी. कुणी तिला अडवलं नाही. पाटील दुसरीकडं पाहत होता. तोंड पुसून ती म्हणाली, "हेच पाह्यजे होतं त्याले."

मग तिनं कमरेची वही काढली. बापाच्या शेवटच्या नोंदीखाली पान कोरंच होतं. "सायेब, एक ओळ लेहाची हाये याच्यात. पाटलाची हीर, पानी अकरा हात."

माझ्या खिशात पेन होतं. हात आपोआप तिकडं गेला. "माय, मी लेहतो," मी दहा हातांवरून म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "सरायले लेहू दे," ती म्हणाली.

चिंचोले सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग गुडघ्यावर वही ठेवून माझ्या बापाच्या अक्षराखाली एक ओळ लिहिली, आणि खाली तारीख घातली.

त्या बाटलीचा आकडा नव्वद आला. पुढच्या उन्हाळ्यात नाल्याच्या बाजूला, शंभर पावलं पुढं, वस्तीची नवी विहीर झाली आणि तिला गोडं पाणी लागलं. डाळ शिजते. मी तोवर खामगावला एका गिरणीत लागलो होतो. दर अमावास्या-पौर्णिमेला माय गाठीचा दोर नव्या विहिरीत सोडते आणि नोंद करायला शाळेतल्या मास्तरांना बोलावते. मी गावी असलो तरी मास्तरांनाच बोलावते.